मेंदूच्या स्कॅनवरून पुढचा विसर ओळखता येतो का?

आत्याचा एमआरआय होता त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ पाटल्या काढायला गेला. चाळीसेक वर्षं त्या मनगटावरून उतरल्या नव्हत्या. सेंटरमधल्या मुलीने साबणाचं पाणी आणलं आणि "आजी, हात सैल सोडा" म्हणत एकेक पाटली सोडवली. तेवढ्या वेळात आत्याने तिला सोनाराचं नाव, पाटल्यांचं वजन, त्या वर्षीचा सोन्याचा भाव असं सगळं सांगून टाकलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आपण इथे कशाला आलोय गं?" अर्ध्या तासात तिसऱ्यांदा.

संध्याकाळी रिपोर्ट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. त्यात दोन वाक्यं सगळ्यांच्या डोळ्यांत खुपली: 'एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रोफी' आणि 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस'. काकांनी लिहिलं, "मेंदू सुकत चाललाय म्हणे." अमेरिकेतल्या चुलतभावाने एका बातमीची लिंक टाकली. एकाच एमआरआयवरून पुढे स्मृतिभ्रंश होणार का, हे आता सांगता येतं, असा तिचा मथळा. रात्री अकरापर्यंत प्रत्येकाने आत्याचं पुढचं आयुष्य आपापल्या परीने ठरवून टाकलं होतं.

असा रिपोर्ट हातात घेऊन बसलेली घरं आता खूप आहेत. भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. त्यामुळे स्कॅन काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी शब्द लावून घेऊ

आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून किंवा 'म्हातारचळ लागला' म्हणून विषय संपवायची सवय आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं, भाच्याचं नाव जिभेवर येऊन अडकणं, हा वयाचा भाग. स्मृतिभ्रंश म्हणजे आठवण, हिशेब, बोलणं, निर्णय यांपैकी एकाहून जास्त गोष्टी इतक्या ढासळणं, की रोजचे व्यवहार दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमेनासे होतात. त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अल्झायमर हा आजार. मेंदूतल्या रक्तवाहिन्या खराब होणं हे दुसरं मोठं कारण. बऱ्याच वृद्धांत ही दोन्ही एकत्र नांदतात.

या दोन टोकांमध्ये एक पायरी आहे, तिला डॉक्टर एमसीआय (माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, म्हणजे बुद्धीची सौम्य घट) म्हणतात. चाचणीत गुण कमी पडतात, घरच्यांनाही फरक जाणवतो, पण माणूस आपलं आपण निभावतो. आत्या सध्या या पायरीवर आहे. विसराच्या तक्रारीसाठी दवाखान्यात येणाऱ्या अशा लोकांपैकी वर्षाला साधारण 10 ते 15 टक्के पुढे स्मृतिभ्रंशाकडे सरकतात. काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात, आणि काही जण पुन्हा नॉर्मलला येतात. कोण कुठल्या वाटेला जाणार, हे आधी ओळखायचं आहे. स्कॅनची सगळी धडपड त्यासाठीच आहे.

फोटोत दिसतं तरी काय?

साधा एमआरआय मेंदूची बांधणी दाखवतो. अल्झायमरच्या बाबतीत डॉक्टरांची नजर आधी कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाकडे जाते. करंगळीएवढा, वळलेला. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याच्या ग्रीक नावावरून हे नाव पडलं. सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळणारा कारकून असतो ना, ते याचं काम. नवीन आलेलं प्रत्येक टपाल आधी याच्या वहीत नोंदलं जातं, मग योग्य कपाटात जातं. हा कारकून आजारी पडला तर कपाटातल्या जुन्या फायली शाबूत राहतात, पण आज सकाळचं टपाल नोंदच होत नाही. पाटल्यांचं वजन आठवणारी आत्या आपण इथे का आलो ते विसरते, त्याचं कारण हे.

रिपोर्टमधलं पहिलं वाक्य मेंदू आक्रसण्याबद्दल होतं. वय वाढलं की हिप्पोकॅम्पस सगळ्यांचाच थोडा आक्रसतो. निरोगी वृद्धांमध्ये वर्षाला साधारण एक ते दीड टक्का, अल्झायमर झालेल्यांमध्ये चार ते पाच टक्के. म्हणजे महत्त्वाचा आहे तो वेग. एका फोटोत हा वेग थेट मोजता येत नाही. जन्मतःच लहान हिप्पोकॅम्पस असलेला माणूस आणि मोठा असून झपाट्याने आक्रसत चाललेला माणूस, एका दिवसाच्या फोटोत दोघं सारखेच दिसू शकतात.

रिपोर्टमधलं दुसरं वाक्य रक्तवाहिन्यांबद्दल होतं. मेंदूच्या आत खोलवर केसासारख्या बारीक धमन्या असतात. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला की त्या कडक होतात, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या भागात एमआरआयवर पांढरे ठिपके उमटतात. थोडे ठिपके साठीनंतर बहुतेकांना असतात. ते किती आहेत यासाठी शून्य ते तीन अशी फाझेकास श्रेणी वापरतात. आत्याचा आकडा एक होता. एक म्हणजे तुरळक ठिपके. त्या वयाला अगदी नेहमीची गोष्ट, पण ग्रुपवर ती कुणी सांगितली नाही.

पेट (PET) या दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनमध्ये बांधणीऐवजी कामकाज दिसतं. आपल्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो खातो. साखरेसारखा, किंचित किरणोत्सर्गी असा एक पदार्थ शिरेतून देतात आणि मेंदूचा कोणता भाग तो कमी घेतो ते पाहतात. कॅन्सरच्या तपासासाठी हा स्कॅन मोठ्या शहरांत बराच रुळला आहे.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे अमायलॉईड पेट आणि टाऊ पेट. ही दोन प्रथिनांची नावं. अमायलॉईड मेंदूपेशींच्या बाहेर साचतं, तर टाऊ पेशींच्या आत गुंतवळासारखं गोळा होतं. 1906 साली आलोईस अल्झायमर यांनी आपल्या एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली हेच दोन्ही पाहिलं होतं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं हे मृत्यूनंतरच पाहता यायचं. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी अमायलॉईडला जाऊन चिकटणारं एक रसायन तयार केलं, आणि 2002 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉईड पडद्यावर दिसलं. त्या रसायनातली किरणोत्सर्गी शक्ती वीस मिनिटांत निम्मी होते, म्हणजे जिथे बनवायचं तिथेच वापरायचं. पुढे आलेली रसायनं 110 मिनिटांत निम्मी होतात, म्हणून ती थोडी दूर पाठवता येतात. तरीही आपल्याकडे हा तपास मोजक्या ठिकाणी होतो आणि महाग पडतो.

लक्षणं दिसण्याच्या किती आधी?

अमायलॉईड साचायला लागून पहिली तक्रार येईपर्यंत पंधरा-वीस वर्षं जातात. ठिबक लावलेल्या शेतात असंच होतं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार ड्रिपरच्या तोंडाशी रोज कणाकणाने साचतात, पण पीक हिरवंगार असतं. कुणाला शंका येत नाही. बऱ्याच काळानंतर एका ओळीतली झाडं माना टाकतात, तोवर नळ्या अर्ध्या बुजलेल्या असतात. मेंदूत साधारणपणे आधी अमायलॉईड, मग टाऊचा फैलाव, मग मेंदू आक्रसणं, आणि शेवटी विसर, असा क्रम मानला जातो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाचे क्लिफर्ड जॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये तो आलेखाच्या रूपात मांडला. विसराशी जास्त जवळचं नातं टाऊचं आहे. टाऊ जिथे पसरतं, त्या भागाचं काम बिघडतं. अमायलॉईड नुसतं किती आहे यावरून माणूस आज किती विसरतो याचा अंदाज नीट लागत नाही.

मग साठीला सगळ्यांनीच स्कॅन का करू नये?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. इथे थोडा हिशेब करावा लागेल.

समजा, एक स्कॅन नव्वद टक्के अचूक आहे. आजार होणाऱ्या शंभरांतले नव्वद तो पकडतो, आणि न होणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना बरोबर सोडून देतो. आता काहीच तक्रार नसलेले साठीतले 1000 लोक घ्या, आणि धरा की पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या 50 जणांना स्मृतिभ्रंश होणार आहे. स्कॅन त्यांतले 45 पकडेल. उरलेले 950 निरोगी. त्यांतल्या दहा टक्क्यांना, म्हणजे 95 जणांना, तो चुकून धोका दाखवेल. एकूण 140 जणांच्या हातात 'धोका आहे' असा कागद पडेल आणि त्यांतला खरा धोका असलेला तिघांतला एकच. बाकीच्या दोघांची झोप विनाकारण उडेल.

तेच यंत्र विसराची तक्रार घेऊन आलेल्या 1000 लोकांवर लावा, जिथे निम्म्यांना आजार होणार आहे. आता 450 बरोबर आणि फक्त 50 चुकीचे. यंत्र एकच, पण ते कुणावर वापरलं यावर त्याच्या उत्तराची किंमत ठरते. तक्रार नसलेल्या माणसाने हेल्थ पॅकेजमध्ये मेंदूचा स्कॅन उरकून घेऊ नये, असं मी म्हणते ते यामुळे.

भावाने पाठवलेली बातमी खरी होती. ती जुलै 2025 मध्ये आली. न्यूझीलंडमधल्या डनीडन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास आजही सुरू आहे. त्यांच्या पंचेचाळिशीतल्या एमआरआयवरून, शरीर किती वेगाने म्हातारं होतंय हे ओळखणारी पद्धत ड्यूक विद्यापीठ आणि इतर संशोधकांनी तयार केली. मग उत्तर अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासातले 52 ते 89 वयाचे 624 लोक तिने तपासले. ज्यांचा वेग सर्वांत जास्त निघाला, त्यांना पुढच्या वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता 60 टक्क्यांनी जास्त होती. हे वाचून घरात सगळ्यांना वाटलं, शंभरांतल्या साठांना होणार. तसं नाही. एखाद्या गटात शंभरांतल्या दहा जणांना होत असेल तर या गटात सोळा जणांना, असा त्याचा अर्थ. उरलेले चौऱ्याऐंशी वेगाने म्हातारे होत असूनही त्यातून सुटतात. संशोधन मोलाचंच आहे, पण ते गटाबद्दल बोलतं. आपली आत्या सोळांतली की चौऱ्याऐंशींतली, हे त्यावरून कळत नाही.

मेंदूत बिघाड आणि माणूस ठणठणीत, हे कसं?

1986 मध्ये अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी नन्सचा एक अभ्यास सुरू केला. त्यात 678 नन्स सहभागी झाल्या. दरवर्षी स्मरणाच्या चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी द्यायला त्या तयार झाल्या. त्यांतल्या सिस्टर मेरी 101 वर्षं जगल्या, शेवटपर्यंत चाचण्यांत चांगले गुण मिळवत राहिल्या. मेंदू तपासला तेव्हा त्यात अल्झायमरच्या गाठी आणि गुंते भरपूर होते. जिवंतपणी त्यांचा अमायलॉईड पेट झाला असता तर कुणीही मान हलवली असती.

त्या अपवाद नाहीत. चाचण्यांत पूर्ण नॉर्मल असलेल्या पन्नाशीच्या लोकांत सुमारे 10 टक्क्यांच्या, तर नव्वदीच्या लोकांत सुमारे 44 टक्क्यांच्या मेंदूत अमायलॉईड सापडतं, असा 2015 मधल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

बोरघाटात दरड कोसळून एक्स्प्रेसवे बंद झाला तरी पुण्याहून मुंबईला जाता येतं. जुना हायवे आहे, रेल्वे आहे. एकच रस्ता असलेल्या डोंगरातल्या वाडीचा मात्र पहिल्याच दरडीला संपर्क तुटतो. शिक्षण, वाचन, माणसांत वावरणं, नवीन कामं शिकणं यांनी मेंदूत असे पर्यायी रस्ते तयार होतात. डॉक्टर याला राखीव क्षमता म्हणतात. मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमधल्या 648 रुग्णांची माहिती 2013 मध्ये मांडली. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि हा फरक शाळेची पायरी न चढलेल्यांतही दिसला. घरी मराठी, बाजारात कन्नड, भाडेकरूंशी हिंदी बोलत आलेल्या आपल्या सोलापूर-बेळगावच्या आज्यांना हे सांगायला हवं. स्कॅनमध्ये दरड दिसते, रस्ते किती आहेत ते दिसत नाही.

कॉम्प्युटर तर अचूक सांगतो म्हणे?

कॉम्प्युटर हजारो स्कॅन पाहून माणसाच्या डोळ्याला न दिसणारे बारीक फरक शिकतो, हे खरंच आहे. पण 'नव्वद-पंच्याण्णव टक्के अचूक' असं वाचलं की एक प्रश्न विचारा: त्याने कुणाला कुणापासून वेगळं ओळखलं? बऱ्याचदा उत्तर असतं, ठणठणीत माणूस आणि अल्झायमरचा पक्का रुग्ण. हा पेपर सोपा आहे, तो घरचे लोकही सोडवतात. एमसीआयच्या पायरीवरच्या कोणाचा विसर वाढणार, हा अवघड पेपर. त्यात कॉम्प्युटरचेही गुण खाली येतात.

दुसरा प्रश्न, तो कुणाच्या मेंदूंवर शिकला? यातलं बरंचसं काम अमेरिकेत 2004 पासून चाललेल्या एडीएनआय या अभ्यासाच्या स्कॅनवर झालं आहे. त्यातले बहुतेक लोक गोरे आणि उच्चशिक्षित. मेंदूचा कोणता भाग कुठे, किती मोठा, हे जुळवायला वापरतात तो नकाशाही कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा. 2019 मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीयांच्या स्कॅनवरून पहिला भारतीय मेंदू-नकाशा तयार केला, तेव्हा आपल्या मेंदूची उंची, रुंदी आणि आकारमान पाश्चात्त्यांपेक्षा सरासरीने लहान निघालं. बुद्धीशी याचा काही संबंध नाही. पण परदेशी मापाने मोजलं तर निरोगी भारतीय मेंदूही 'आक्रसलेला' वाटू शकतो, हे लक्षात ठेवलं पाहिजे. म्हणून कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरला बेंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने चालवलेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार गावकऱ्यांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं, असा तो बेत आहे. आपली मापं अशा कामातूनच ठरतील.

असं असेल तर डॉक्टर एमआरआय लिहून का देतात?

कारण विसर पडायला बरी होणारी कारणंही असतात, आणि ती आधी शोधायची असतात. न्हाणीघरात पाय घसरून डोकं आपटलेलं, 'काही नाही गं, टेंगूळ आलंय' म्हणून सोडून दिलेलं, आणि कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत गेलेलं. महिन्याभराने माणूस गोंधळल्यासारखा वागायला लागतो. स्कॅनमध्ये ते ताबडतोब दिसतं आणि छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतं. मेंदूतलं पाणी साचून चाल बिघडते, लघवीवर ताबा राहत नाही आणि विसर पडतो. तेही ओळखता येतं. गाठ, न कळलेला अर्धांगाचा झटका, सगळं यात येतं. शिवाय बी 12 आणि थायरॉइड हे साध्या रक्ततपासणीत कळतं. आपल्याकडे शाकाहारी वृद्धांत बी 12 ची कमतरता सर्रास असते, ती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आत्याचं बी 12 खरोखरच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू आहेत.

आधी कळून करायचं काय?

इलाजच नाही तर कळून काय उपयोग, असं काका म्हणाले. काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. आता अमायलॉईड काढून टाकणारी औषधं आली आहेत. त्यांतल्या लेकानेमॅबला अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. 1795 रुग्णांच्या चाचणीत अठरा महिन्यांत घसरण 27 टक्क्यांनी मंदावली. ऐकायला मोठं वाटतं, पण 18 गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहून कमी होता. विसर उलटत नाही. मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून औषध चालू असताना वारंवार एमआरआय करावा लागतो. आणि हे औषध फक्त सुरुवातीच्या पायरीवर, अमायलॉईड आहे हे सिद्ध झाल्यावरच देतात. लवकर कळण्याला त्यामुळे वैद्यकीय अर्थ आला आहे. अमेरिकेत मे 2025 मध्ये अमायलॉईडचा अंदाज देणाऱ्या एका रक्ततपासणीलाही परवानगी मिळाली. ती रुळली तर पेट स्कॅनची गरज पुष्कळ जणांना पडणार नाही.

औषधाशिवायही करण्यासारखं आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालानुसार बदलता येण्याजोगी 14 कारणं सांभाळली तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबवता येतील. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, एकटेपणा, धूम्रपान ही त्यांतली काही. वरचा रक्तदाब 120 च्या खाली ठेवलेल्या गटात एमसीआय कमी झाला आणि ते पांढरे ठिपकेही कमी वाढले, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसलं. कुणाचा रक्तदाब किती खाली आणायचा हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावं, चक्कर येऊन पडणं म्हाताऱ्या माणसाला परवडत नाही. आत्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हे आम्हाला सहा वर्षांपासून माहीत होतं. आम्ही फक्त मोठ्याने बोलत राहिलो. कानाचं यंत्र या महिन्यात आलं.

आणखी एक गोष्ट, जी रिपोर्टमध्ये कधीच येत नाही. माणूस स्वतः निर्णय घेऊ शकतो तोवरच मृत्युपत्र, बँकेतलं नॉमिनेशन, घराची कागदपत्रं त्याच्या मनाप्रमाणे करून घेता येतात. आत्याने शेतातला वाटा कुणाला द्यायचा ते अगदी स्पष्ट सांगितलं. आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं सांगितलं, आणि वकिलांसमोर सही केली.

डॉक्टरांनी वर्षाने पुन्हा एमआरआय करू म्हटलंय, शक्यतो त्याच मशीनवर, म्हणजे दोन फोटो शेजारी ठेवून वेग मोजता येईल. पहिल्याची फिल्म आणि सीडी तिच्या पासबुकांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. काकांनी रद्दीबरोबर पाकीट काढलं होतं, ते परत आणलं. दरम्यान मी एक वही केली आहे. दर रविवारी त्यात तारीख घालून लिहिते: आत्याने एकटीने काय केलं, कुठे अडली, तोच प्रश्न किती वेळा विचारला. डॉक्टरांनी गेल्या खेपेला रिपोर्ट दोन मिनिटं पाहिला आणि ती वही वीस मिनिटं वाचली.